एएनए पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे लिव्हर गेलं का?

फोन बहुतेक संध्याकाळी येतो. रिपोर्ट मोबाइलवर येऊन पडलेला असतो, डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवाची असते आणि मधल्या वेळात गूगलनं आपलं काम चोख बजावलेलं असतं. "मॅडम, आईचं एएनए पॉझिटिव्ह आलंय. एकास चाळीस. म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिसच ना? लिव्हर बदलावं लागेल का?"

मी लॅबमध्ये बसते. एएनए ही आपल्याच पेशींवर उलटलेल्या एका प्रतिपिंडाची रक्ततपासणी. फोनवरून निदान सांगणं माझं काम नाही, आणि सांगूही नये. पण एवढं मी विचारते: एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, किती आहे? रक्तातलं ग्लोब्युलिन हे प्रथिन किती? आणि एएनएच्या पुढे पॅटर्न काय लिहिलाय? पलीकडे क्षणभर शांतता. 'पॉझिटिव्ह' ठळक अक्षरात छापलेलं असतं आणि मी विचारते ते सगळं बारीक अक्षरात. आज ती बारीक अक्षरंच वाचू या.

आधी आजार. आपल्या शरीराची राखण करणारी यंत्रणा कधीकधी आपल्यावरच उलटते. कुंपणानंच शेत खावं, तसं. यकृताच्या बाबतीत हे कुंपण तीन निरनिराळ्या ठिकाणी चरतं. थेट यकृताच्या पेशींवर उलटलं तर तो ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यकृताच्या आतल्या अगदी बारीक पित्तनलिका नासवल्या तर प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी. आणि आतल्या-बाहेरच्या मोठ्या पित्तनलिका आवळून, चट्टे पडून अरुंद झाल्या तर प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पीएससी. पहिले दोन बायकांमध्ये बरेच जास्त दिसतात. पीबीसीच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात असं म्हटलं तरी चालेल. पीएससी मात्र पुरुषांत अधिक.

यातला ऑटोइम्यून हिपॅटायटिस मोठा लबाड. काहींना कावीळ होऊन धाडकन आजारी पाडतो, तर काहींमध्ये वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. नुसता थकवा, सांधेदुखी, मासिक पाळी चुकणं, आणि रक्त तपासलं की एसजीपीटी वाढलेलं. शिवाय तो चढतो-उतरतो. औषधाशिवायही काही दिवस कावीळ ओसरते, डोळे पांढरे होतात. आपल्याकडे गावोगाव काविळीची माळ घालतात ना, डोक्यावर ठेवलेली माळ लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली असं म्हणतात, त्या माळेला हा आजार फुकटचं यश देऊन जातो. ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, तेव्हा तिथे माळेनं नुकसान फारसं होत नाही. इथे मात्र कावीळ उतरल्यावरही आत जळणं सुरूच असतं, आणि माणूस दोन वर्षांनी पोटात पाणी घेऊन दवाखान्यात येतो.

मग हा आजार ओळखायचा कसा? तिथे अँटिबॉडी येतात.

अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडं, रक्तातली प्रथिनं. एरवी ती जंतूंना चिकटतात. ऑटोअँटिबॉडी आपल्याच पेशींतल्या कुठल्यातरी भागाला चिकटते. इथे पहिला गैरसमज खोडून टाकते: यकृताचं नुकसान मुख्यतः या अँटिबॉडी करत नाहीत. ते काम बहुतांशी टी-पेशींचं, म्हणजे राखण करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं. अँटिबॉडी म्हणजे घरफोडीनंतर मागे राहिलेले पायांचे ठसे. ठसे पुसले म्हणून चोरी भरून निघत नाही, आणि अंगणात एखादा ठसा दिसला म्हणून घर फुटलंच असंही नाही.

अंधाऱ्या खोलीतली स्लाइड

ही तपासणी होते कशी, हे एकदा बघितलं की रिपोर्टमधला निम्मा गोंधळ संपतो. म्हणून जरा सावकाश सांगते.

काचेच्या एका पट्टीवर उंदराच्या तीन अवयवांचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप बसवलेले असतात: यकृत, मूत्रपिंड आणि जठर. गोठवून कापलेले, डोळ्यांना दिसलेच तर काचेवर ओला डाग पडावा तसे. त्यावर रुग्णाच्या रक्तातलं पातळ केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. सीरममध्ये ऑटोअँटिबॉडी असेल तर ती त्या कापातली आपली जागा शोधून चिकटते. मग धुऊन टाकायचं. जे चिकटलंय तेवढंच राहतं. त्यावर दुसरं द्रावण: माणसाच्या अँटिबॉडीला पकडणारी, हिरवी चमक देणारा रंग जोडलेली अँटिबॉडी. पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुणं. मग दिवे मालवून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपला डोळे लावायचे.

सुरुवातीला सगळं काळं दिसतं. मग डोळे सरावतात आणि कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा रंग उजळायला लागतो. कुठे उजळला, यावर सगळा खेळ आहे.

तिन्ही कापांतल्या पेशींची केंद्रकं तेवढी चमकली, तर ती एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धची अँटिबॉडी. जठराच्या भिंतीतले स्नायूंचे पट्टे आणि मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांची वर्तुळं चमकली, तर एसएमए, म्हणजे गुळगुळीत स्नायूंविरुद्धची अँटिबॉडी. इथेही बारकावा आहे. नुसत्या रक्तवाहिन्या चमकल्या तर त्याला फारसं वजन नाही. तसं विषाणूंच्या काविळीतही दिसतं. रक्तवाहिन्यांबरोबर मूत्रपिंडातले गाळणीचे गुच्छ आणि नलिकाही चमकल्या, तर मात्र कान टवकारायचे. ती अँटिबॉडी बहुधा ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांवर बसलेली असते, आणि ती ऑटोइम्यून हिपॅटायटिसकडे बोट दाखवते.

यकृताच्या पेशी भरभरून उजळल्या, मूत्रपिंडातल्या जवळच्या नलिकाही उजळल्या, पण जठर काळंच राहिलं, तर एलकेएम-१. ही ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या दुसऱ्या प्रकाराची खूण आहे. तो जास्त करून लहान मुलांत, त्यातही मुलींत दिसतो आणि अंगावर वेगानं येतो. याउलट मूत्रपिंडाच्या नलिका दाणेदार चमकल्या, त्यातही दूरच्या नलिका जास्त, आणि जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशीही झगमगल्या, तर एएमए, म्हणजे मायटोकाँड्रियाविरुद्धची अँटिबॉडी. पीबीसीची ती सही.

शिकत असताना मी एकदा नुसतं मूत्रपिंड बघून एका मुलीच्या स्लाइडवर 'एएमए' लिहून टाकलं होतं. मूत्रपिंडात दोन्ही सारखेच भासतात, घाई असेल तर जास्तच. आमच्या सरांनी काही न बोलता स्लाइड सरकवून जठर दाखवलं. काळंकुट्ट. ती एलकेएम होती. दहा वर्षांच्या मुलीला पीबीसी असायची शक्यता जवळजवळ नाहीच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या दिवसापासून रिक्विझिशनच्या कागदावरचं वय मी आधी वाचते.

ताकात पाणी किती?

आता तो १:४०चा आकडा. एकास चाळीस म्हणजे सीरमचा एक भाग घेऊन चाळीस भागांपर्यंत पातळ केला, तरी चमक दिसली. मग १:८०, १:१६०, १:३२० असं दर वेळी दुपटीनं पातळ करत जायचं; शेवटची चमक जिथे दिसली तो टायटर. घरात पाहुणे वाढले की आई ताकात पाणी वाढवते. ताक घट्ट असेल तर सहाव्या पाहुण्यालाही चव लागते, आधीच पातळ असेल तर तिसऱ्यालाच पांढरं पाणी. म्हणजे दुसरा आकडा जितका मोठा, तितकी अँटिबॉडी जास्त. '१:३२० म्हणजे कमी झालं ना?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे सांगून टाकलं.

पण खरी गोम पुढे आहे, आणि ती अनेक डॉक्टरांच्याही नजरेतून निसटते. एएनए बघायला आजकाल बहुतेक लॅब उंदराचे काप वापरतच नाहीत. त्या वापरतात हेप-२ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी. (घशाच्या कर्करोगाच्या म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या, पुढे कळलं की त्यांत हेला पेशींची भेसळ झालेली होती. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून काढलेल्या त्या पेशी अशा जगभर कुठे कुठे शिरल्यात.) हेप-२ पेशींची केंद्रकं मोठी असतात, पॅटर्न सुरेख दिसतो, संधिवाताच्या डॉक्टरांना त्या फार आवडतात. पण त्या अतिसंवेदनशील आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात निरोगी माणसांचं रक्त या पेशींवर तपासलं. १:४०ला जवळजवळ ३२ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. १:८०ला १३ टक्के, १:१६०ला ५ आणि १:३२०ला ३ टक्के.

धडधाकट माणसांत तिघांतला एक! आता ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे निकष बघा. त्यातही '१:४० किंवा जास्त' असंच लिहिलंय. मग संध्याकाळी फोन करणारा मुलगा घाबरणारच. पण निकषांतला तो १:४० मुळात उंदराच्या कापांवर मोजलेला आहे आणि लॅबमधला १:४० हेप-२ वर. आकडा एकच, ताक वेगळं. हेप-२ वर १:४० आलं तर माझ्या लेखी ते जवळजवळ काहीच नाही. तिथे उंबरठा वर न्यावा लागतो. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते, 'आयआयएफ, हेप-२' अशी; आयआयएफ म्हणजे हीच हिरव्या चमकेची पद्धत. नसेल तर लॅबला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काही ठिकाणी एएनए नुसत्या एलायझा यंत्रावर होतं, तिथे टायटरही नसतो आणि पॅटर्नही नसतो, फक्त एक आकडा असतो. त्याची १:४०शी तुलना करूच नका.

मुलांचं गणित उलटं. निरोगी लहान मुलांच्या रक्तात या अँटिबॉडी क्वचितच असतात, म्हणून तिथे एएनए, एसएमए १:२० ला आणि एलकेएम १:१० ला सुद्धा गांभीर्यानं घेतात. मोठ्यांच्या उंबरठ्यावर मुलाचं रक्त मोजलं तर आजार हातातून सुटतो.

काही अँटिबॉडी या चमकत्या स्लाइडवर दिसतच नाहीत. एसएलए ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची. ती शोधायला एलायझा किंवा पट्टीवरची ब्लॉट तपासणी लागते. रिपोर्टवर 'लिव्हर प्रोफाइल' किंवा 'लिव्हर ब्लॉट' असं येतं ते हेच. एका पट्टीवर एसएलए, एलकेएम-१, एलसी-१, एएमए-एम२, एसपी-१००, जीपी-२१० अशा रेघा ओळीनं असतात; जी काळी झाली ती पॉझिटिव्ह. एसएलए ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या थोड्याच रुग्णांत सापडते, पण सापडली की सहसा खोटं बोलत नाही. एएनए, एसएमए दोन्ही निगेटिव्ह असून फक्त एसएलए पॉझिटिव्ह, असे रुग्ण असतात, आणि पट्टी केली नाही तर ते निसटतात. मात्र पट्टीवर एखादी रेघ अगदी फिकट आली, स्लाइडवर काहीच नाही आणि यकृताचे आकडेही नॉर्मल, तर मी तरी त्या फिकट रेघेसाठी कुणाची झोप उडवणार नाही.

साध्या एलएफटीतली दुर्लक्षित ओळ

अँटिबॉडीचं पॅनेल बरंच महाग. त्याआधी दोन-पाचशे रुपयांच्या एलएफटीत, म्हणजे यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीत, एक गोष्ट दिसते, तिच्याकडे कुणी बघत नाही. टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन. समजा, एका बाईंचं टोटल प्रोटीन ८.९ आहे, अल्ब्युमिन ३.४. वजाबाकी केली की ग्लोब्युलिन ५.५. एरवी ते साडेतीनच्या आत असतं. म्हणजे ए/जी रेशो उलटा झालाय. एसजीपीटी ३२० आहे, बी आणि सी विषाणू निगेटिव्ह आहेत. एवढ्यावरच मला ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा वास येतो, कारण वाढलेलं ग्लोब्युलिन म्हणजे बहुधा वाढलेलं आयजीजी, आणि आयजीजी म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचा सगळ्यात मोठा गट. ग्लोब्युलिन क्षयरोगात वाढतं, सिऱ्हॉसिसमध्ये वाढतं, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातही वाढतं, तेव्हा तेवढ्यावर निदान होत नाही. पण पुढचं पॅनेल कुणाला करायचं हे ठरवायला ती एक ओळ पुरते.

आणि हे आजच्या यंत्रांचं शहाणपण नाही. १९५० साली यान वाल्डेनस्ट्रोम या स्वीडिश डॉक्टरनं तरुण बायकांमधल्या एका रेंगाळणाऱ्या हिपॅटायटिसचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्या नजरेत भरलं ते अफाट वाढलेलं गॅमाग्लोब्युलिन. पुढे १९५६ साली मेलबर्नच्या इयान मॅके आणि सहकाऱ्यांनी अशा काही रुग्णांच्या रक्तात ल्युपस या दुसऱ्या एका ऑटोइम्यून आजारात सापडणाऱ्या एलई पेशी पाहिल्या आणि आजाराला 'ल्युपॉइड हिपॅटायटिस' नाव दिलं. ल्युपसशी त्याचा थेट संबंध नाही हे नंतर उलगडलं. ग्लोब्युलिनची खूण मात्र टिकली.

आज डॉक्टर हे सगळं एका सोप्या गुणपत्रिकेत मांडतात. ती २००८ साली आली. अँटिबॉडीला जास्तीत जास्त २ गुण, आयजीजीला २, विषाणूंची कावीळ नसल्याचे २ आणि बायॉप्सीचे २. सहा आले तर आजार असण्याची दाट शक्यता, सात किंवा जास्त आले तर निश्चित. वरच्या बाईंचं एएनए १:८०, आयजीजी दीडपट, विषाणू निगेटिव्ह, बायॉप्सीत आजाराचं ठसठशीत चित्र: आठपैकी आठ. आता दुसरं टोक घ्या. पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ, मधुमेह, सुटलेलं पोट, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, एसजीपीटी ६८, एएनए १:४०, आयजीजी नॉर्मल. अँटिबॉडीचा १, विषाणू नसल्याचे २. झाले तीन, आणि बायॉप्सीत नुसती चरबी. या गृहस्थांना आजार आहेच, पण तो वरणभातावरच्या तुपाच्या धारेचा आणि न चालण्याचा. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत एएनए, एसएमए कमी टायटरमध्ये सर्रास सापडतात. आजकाल घरोघरी फॅटी लिव्हर आहे, त्यामुळे मला येणाऱ्या फोनांतले बरेचसे याच गटातले.

गुणपत्रिका नीट पाहिलीत तर लक्षात येईल: अँटिबॉडीला आठपैकी दोनच गुण आहेत. पैकीच्या पैकी मिळाले तरी त्यावर कुणी पास होत नाही. आणि शून्य मिळालं तरी उरलेल्यांवर सहा होऊ शकतात. ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या दहातल्या एखाद्या रुग्णात नेहमीच्या अँटिबॉडी सापडतच नाहीत. आजार एकाएकी उसळलेला असेल तर सुरुवातीला एएनए निगेटिव्ह आणि आयजीजीही नॉर्मल असू शकतं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर ते पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणून बायॉप्सी लागते. सुई बघून लोक बिचकतात, ते स्वाभाविक आहे. पण पुढे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन, अशा उलटलेल्या कुंपणाला आवर घालणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात, तेव्हा त्याआधी यकृताचा सुईच्या जाडीचा एक तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहून घेणं बरं. शक्यतो स्टेरॉइड सुरू होण्याआधी. नंतर चित्र पुसट होतं.

जिथे अँटिबॉडीचं चालतं

पीबीसीत मात्र अँटिबॉडीचा तोरा वेगळा आहे. एएमए शंभरातल्या नव्वदाहून जास्त रुग्णांत असते आणि इतरांत फार कमी. चाळिशी-पन्नाशीतली बाई, रात्री तळहात-तळपाय खाजतात, त्वचेच्या डॉक्टरांची मलमं लावून झाली, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनलिकांना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं आणि एएमए १:४०च्या वर. सोनोग्राफीत पित्तमार्ग मोकळा असेल तर एवढ्यावर निदान पक्कं, बहुधा बायॉप्सीही लागत नाही. एकच काळजी: अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येतं आणि या वयात बायकांची हाडं बोलायला लागलेली असतात. म्हणून जोडीला जीजीटी हे दुसरं एन्झाइम बघतात. तेही वाढलं असेल तर उगम यकृतातच.

एएमए सापडली १९६५ साली, लंडनमध्ये. वॉकर, डोनियाक, रोइट आणि शीला शेरलॉक. तेव्हा सोनोग्राफी सर्रास होत नव्हती, एमआरआय तर दूरच. पिवळी पडलेली, खाजवून बेजार झालेली बाई आली की पित्तमार्गात खडा अडकलाय की दोष यकृताच्या आतच आहे, हे कळायला पोट उघडून बघावं लागे. रक्ताच्या एका तपासणीनं अशी किती पोटं उघडायची वाचली असतील! पुढे १९८७-८८च्या सुमारास या अँटिबॉडीचं नेमकं लक्ष्य सापडलं: पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज नावाच्या यंत्रणेचा ई-२ हा तुकडा. तो शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या मायटोकाँड्रियात असतो, तरी मार पडतो तो बारीक पित्तनलिकांनाच. असं का, याचं एक उत्तर असं की इतर पेशी मरताना हा तुकडा झाकोळला जातो, आणि पित्तनलिकेच्या पेशी मरतात तेव्हा तो जसाच्या तसा उघड्यावर येतो.

ज्यांच्यात एएमए सापडत नाही, त्यांच्यासाठी हेप-२ पेशी इथे कामी येतात. केंद्रकात विखुरलेले पाच-वीस ठिपके दिसले तर एसपी-१००, केंद्रकाच्या कडेला बांगडीसारखी चमक दिसली तर जीपी-२१०. या दोन्ही पीबीसीच्याच खुणा. रिपोर्टवर नुसतं 'एएनए पॉझिटिव्ह' लिहून पॅटर्न गाळला तर ही बांगडी हरवते. म्हणून फोनवर मी पॅटर्न विचारते.

एएमए पॉझिटिव्ह पण अल्कलाइन फॉस्फेटेज अगदी नॉर्मल, असंही होतं. अशांना पीबीसी आहे असं म्हणत नाहीत. पाच वर्षांत साधारण सहातल्या एकाला तो होतो असं एका फ्रेंच अभ्यासात दिसलं. त्यांनी वर्षातून एकदा एलएफटी करायची आणि बाकी आयुष्य जगायचं.

पीएससीबद्दल थोडक्यात, कारण इथे रक्ताच्या तपासणीला सांगण्यासारखं फार नाही. पी-एएनसीए ही आणखी एक ऑटोअँटिबॉडी बऱ्याच जणांत पॉझिटिव्ह येते, पण ती नुसत्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही (मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारात) येते, आणि पीएससीच्या बऱ्याच रुग्णांना कोलायटिस असतोच. निदान होतं ते एमआरसीपीवर, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयवर, पित्तनलिका मण्यांच्या माळेसारख्या कुठे फुगलेल्या, कुठे आवळलेल्या दिसल्या की. सोबत आयजीजी-४, म्हणजे आयजीजीचा एक उपप्रकार, मात्र एकदा बघावं. हुबेहूब पीएससीसारखा दिसणारा आयजीजी-४चा आजार स्टेरॉइडला छान दाद देतो.

काढ्याचं काय?

काही औषधं यकृताला अशी इजा करतात की ती ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखीच दिसते, अँटिबॉडींसकट. मुरुमांसाठी महिनोन् महिने घेतलेलं मिनोसायक्लिन, लघवीच्या संसर्गासाठी दीर्घकाळ चाललेलं नायट्रोफ्युरँटॉइन ही जुनी उदाहरणं. आपल्या दारातलं उदाहरण गुळवेलीचं. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बायॉप्सीचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. आयुष मंत्रालयानं यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही म्हणून. पुढल्याच वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि दुखणं तेच निघालं. मला यात आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी असं भांडण लावायचं नाही. ज्याच्या अंगात ऑटोइम्यून आजाराची बीजं आधीच आहेत, थायरॉइड आहे, घरात कुणाला असा आजार आहे, त्याचं कुंपण गुळवेलीनं आणखी उधळत असावं, असा डॉक्टरांचा कयास आहे. तेव्हा डॉक्टरांनी 'आणखी काय घेता?' विचारलं की काढा, चूर्ण, जिममधली पावडर, सगळं सांगा. 'ते औषध थोडंच आहे' म्हणून ते सांगायचं राहतं, आणि नेमकं तेच हवं असतं.

आता शेवटचा फोन. हा मात्र सकाळी येतो, आणि आवाजात भीती नसते, वैताग असतो. "मॅडम, दोन वर्षं गोळ्या घेतोय, एएनए अजून पॉझिटिव्हच. दर सहा महिन्यांनी करतो." का करता? उपचार लागू पडलेत की नाही हे एसजीपीटी आणि आयजीजी सांगतात. मोठ्या माणसांत एएनएचा टायटर आजाराबरोबर नीट वर-खाली होत नाही, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा करून पैशांखेरीज काही कमी होत नाही. एएमएचं तर असं आहे की अर्सोडिऑल हे पीबीसीचं औषध घेऊन अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मलला आलं तरी ती तिथेच असते. यकृत बदलून दुसऱ्याचं बसवलं, तरीही बहुतेकांच्या रक्तात ती राहते. बाई ठणठणीत, नातवाला शाळेत सोडून रक्त द्यायला आलेली, आणि अंधाऱ्या खोलीत उंदराच्या मूत्रपिंडाच्या नलिका मागच्याइतक्याच हिरव्या.